नाशिकला, हरवलेल्या नियमांच्या मागे

परत आल्यावर पुण्याच्या ऑफिसात सगळ्यांनी एकच विचारलं, "रामकुंड बघितलंस का? पांडवलेणी?" मी यातलं काहीच बघितलं नव्हतं. आठ दिवस नाशिकला राहून मी बघितलं ते सातपूरच्या कारखान्यातलं एक दाबयंत्र, पंचवटीतला सकाळचा फुलबाजार आणि मखमलाबादच्या एका घराची ओसरी. बाकीचं नाशिक राहूनच गेलं. तरी या आठ दिवसांबद्दल लिहावंसं वाटलं, कारण एवढं मी कुठल्याच सहलीत शिकले नाही, आणि एवढी ओशाळलेही नाही.

आधी मी तिथे का गेले ते सांगते. मी शुभांगी, मूळची सोलापूरची, नोकरी पुण्यात. आमची कंपनी लहान. कारखान्यांची यंत्रांबरोबर द्यायची माहितीपुस्तकं असतात ना, यंत्र कसं बसवायचं, कसं खोलायचं, बिघडलं तर काय करायचं, ती आम्ही जुन्या कॉम्प्युटरच्या फायलींमधून नव्या पद्धतीच्या फायलींमध्ये आणून देतो. दोन हजार साल नुकतंच मागे पडलं होतं आणि एक्सएमएल नावाच्या पद्धतीचा सगळीकडे बोलबाला होता. परदेशी गिऱ्हाईक म्हणायचं, पुस्तक एक्सएमएलमध्ये द्या. मग कारखानेवाले आमच्याकडे यायचे.

अशा फायलींत मजकुराच्या अधेमधे खुणा असतात. इथे मथळा सुरू झाला, इथे संपला. इथे इशारा सुरू झाला, इथे संपला. छापताना कॉम्प्युटर त्या खुणा बघतो आणि मथळा मोठ्या अक्षरात, इशारा चौकटीत असं करत जातो. सातपूरच्या कारखान्याच्या फायली एसजीएमएल नावाच्या जुन्या पद्धतीतल्या होत्या. त्यांत एक अडचण होती. खुणा उघडलेल्या होत्या, पण पुष्कळ ठिकाणी मिटवलेल्याच नव्हत्या. इशारा सुरू झाल्याचं दिसायचं, संपल्याचं नाही. असं चालतं, कारण एसजीएमएलबरोबर नियमांची एक वेगळी फाईल असते. कुठल्या खुणेच्या पोटात काय येऊ शकतं, कुठली खूण न मिटवता सोडली तरी चालेल, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. तिला डीटीडी म्हणतात. कारखान्याकडे मागितली तर उत्तर आलं, ती फाईल सापडत नाही, तुम्ही तुमच्या परीनं बघा.

मी माझ्या परीनं बघितलं. जी खूण उघडी दिसेल ती त्या परिच्छेदाच्या शेवटी मिटवायची, असा छोटा प्रोग्रॅम लिहिला. एका दुपारी सगळं पुस्तक तयार झालं. दीक्षित सर, म्हणजे आमचे साहेब, खूश झाले. नाशिकला जायचं, बारीकसारीक दुरुस्त्या करायच्या आणि पुस्तक मंजूर करून घेऊन यायचं, एवढंच काम उरलं होतं.

सातपूर

थंडीचे दिवस होते. आमच्या सोलापुरात थंडी म्हणजे एक चादर जास्तीची. इथे सकाळी सातला रिक्षात बसले तर दात वाजायला लागले. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "ताई, स्वेटर नाय आणला? नाशिकला येऊन?" पहिल्या पाळीची गर्दी निघाली होती. मफलर गुंडाळलेली माणसं मोटारसायकलवर, डबे हँडलला अडकवलेले. गेटसमोरच्या टपरीवर चहा घेतला आणि मिसळ मागवली. मिसळीबरोबर पापड आला, दही आलं आणि शेजारच्या बाकावरच्याने तर जिलबीही मागवली. तिखटाबरोबर जिलबी खाणारी माणसं मी पहिल्यांदा बघितली. दोन घासांनंतर ती जिलबी का लागते ते कळलं.

मॅनेजर साहेब कामात होते. त्यांनी पुस्तकाचा गठ्ठा वरवर चाळला, छान झालंय म्हणाले आणि मला शॉपवर, म्हणजे यंत्रं जोडतात तिथे, अहिरेंकडे पाठवलं. "ते आमचे सर्व्हिसचे फोरमन. त्यांनी एकदा नजर टाकली की झालं. पुढच्या आठवड्यात दाबयंत्र क्रेटमध्ये भरून जाणार, पुस्तक सोबत जायला हवं."

अहिरेकाका पन्नाशीचे, सटाण्याकडचे. दाबयंत्राच्या बाजूला एक पत्र्याचं टेबल होतं, तिथे चष्मा लावून बसले आणि पानं उलटायला लागले. मी शेजारी उभी. पानं उलटताना ते उजवा हात वापरत नव्हते, कारण त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना टोकं नव्हती. बारा-पंधरा पानं झाली आणि ते थांबले.

"हाई काय शे?" ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे बघून शहरी मराठीत म्हणाले, "ताई, हे पान तुम्ही वाचलं का?"

तेलाचा दाब कसा उतरवायचा याचं पान होतं ते. वर चौकटीत इशारा: पाइपात दाबाखालचं तेल आहे, जोड सैल करू नका. त्याखाली पायऱ्या. पहिली पायरी, खालचा व्हॉल्व्ह उघडा. दुसरी, तेल भांड्यात घ्या. तिसरी, जोड खोला. आणि पानाच्या तळाला बारीक अक्षरात एक टीप: त्याआधी वरचा ठोकळा आधारावर टेकवून घ्या.

"वरचा ठोकळा म्हणजे हा," अहिरेकाकांनी मान वर केली. मीही केली. आमच्या डोक्यावर लोखंडाचा एवढा मोठा भाग होता की त्याच्या सावलीत आम्ही दोघं उभे होतो. "हा तेलाच्या जोरावर वर राहतो. तेल सोडलं की खाली येतो. म्हणून आधी त्याच्याखाली आधार लावायचा, मग व्हॉल्व्हला हात. तुमच्या पुस्तकात माणूस आधी व्हॉल्व्ह उघडणार, आणि तळाची टीप वाचायला तो राहणार नाय."

मला काय झालं ते लगेच कळलं. आधाराचं वाक्य इशाऱ्याच्याच आत होतं, पण दुसऱ्या परिच्छेदात. माझ्या प्रोग्रॅमनं पहिल्या परिच्छेदाला इशारा मिटवून टाकला. सुटं पडलेलं वाक्य कुठे टाकावं हे त्याला कळलं नाही, म्हणून त्यानं ते टीप समजून तळाला नेलं. मी एवढंच म्हणाले, "सॉफ्टवेअरनं चुकवलंय. बघते."

मॅनेजर साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग तेवढं पान दुरुस्त करा ना." आणि खरं सांगते, मला ते पटलं होतं. एक पान दुरुस्त करायचं, पुस्तक मंजूर करून घ्यायचं आणि गाडी पकडायची. मी तसं अहिरेकाकांना सांगायला गेले. ते टेबलावरून उठलेही नाहीत.

"एक पान माझ्या नजरेला आलं," ते म्हणाले. "बाकीची कोण बघणार? मला सगळी यंत्रं येत नाय. वायरिंगचं मला काय कळतं?"

मी मोजून बघितलं. न मिटवलेले इशारे तीनशेच्या वर होते. ते कुठे संपतात हे सांगणारी फाईल नव्हती.

"बनकर मॅडमना विचारा," अहिरेकाका म्हणाले. "ते सगळं त्यांनीच केलेलं. सुमन बनकर. आता नोकरी सोडली त्यांनी. सकाळच्या पंचवटीच्या फुलबाजारात बसतात."

पंचवटी

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गेले. पुलावरून नदीचं पाणी वाफ सोडताना दिसत होतं. बाजारात शेवंतीचे ढीग, झेंडूच्या गोण्या, गुलाबाच्या ओल्या जुड्या, आणि खाली सगळीकडे देठांचा नि पानांचा चिखल. आमच्याकडे फुलं टोपलीतून विकतात, वाट्यानं किंवा हारानं. इथे पोत्यानं. मी वर बघत चालले होते आणि व्हायचं तेच झालं. पाय घसरला, मी बसकण मारली आणि फाईलमधली छापील पानं झेंडूत विखुरली.

"लागलं का गं?" एक बाई पुढे आल्या. साठीच्या आसपासच्या, सुती साडी, वर पुरुषी स्वेटर, कानाला स्कार्फ. त्यांनी पानं गोळा करायला सुरुवात केली, आणि एक पान हातात घेऊन तशाच थांबल्या. ते कॉम्प्युटरच्या फाईलचं पान होतं, खुणांसकट छापलेलं.

"हे तुझ्याकडे कुठून आलं?"

"तुम्ही बनकर मॅडम का?"

त्यांनी पान माझ्या हातात दिलं. "मी ते सोडलं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा गोणीपाशी जाऊन बसल्या. समोर गिऱ्हाइकं होती. शेजारी त्यांच्या वहिनी तराजू धरून होत्या. मी मधेमधे सांगितलं, नियमांची फाईल हरवलीय, सॉफ्टवेअरनं इशारे चुकवलेत, आणि तिथेच उभी राहिले, साडेआठपर्यंत. मागून माझा ड्रेस भिजलेला होता. वहिनींनी दोनदा माझ्याकडे बघितलं आणि मग नणंदेला हळूच म्हणाल्या, "अवो, पोरगी कुडकुडती. घरी तरी येऊ द्या तिला."

बनकर मॅडमनी गोणी झटकली. "अकराला ये. मखमलाबादला. फुलवाल्या बनकरांचं घर विचार, कुणीही सांगेल."

मखमलाबाद

पंचवटीतून रिक्षा निघाली की गाव फार लांब नाही. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव, मणी अजून हिरवे आणि कडक. बनकरांचं घर साधं, सिमेंटचं, पुढे लांब ओसरी, पलीकडे शेवंतीचा वाफा. जेवायची वेळ नव्हती, पण ताट आलंच. बाजरीची भाकरी, मेथीची पातळ भाजी, ठेचा आणि गूळ. आम्ही ज्वारीची माणसं. बाजरी म्हणजे आमच्याकडे संक्रांतीची. मी चाचरत पहिला घास घेतला. वहिनी म्हणाल्या, "गुळासंगं खा, लय छान लागतं." लागली. दोन भाकऱ्या खाल्ल्या.

हात धुऊन झाल्यावर मॅडमनी एक निळ्या पुठ्ठ्याची वही आणली. "आधी मला सांग, एक्सएमएल सोडून तुला काय काय येतं?"

"एचटीएमएल."

"आणि त्याआधीचं?"

"त्याआधी काही होतं का?" असं मी खरंच म्हणाले. मला वाटायचं, आधी इंटरनेटची एचटीएमएल आली आणि तिच्यातून एक्सएमएल निघाली.

मॅडम हसल्या नाहीत. शांतपणे सांगायला लागल्या. "मी टायपिस्ट म्हणून लागले. पत्रं टाईप करायची. मग परदेशातल्या भागीदार कंपनीनं कॉम्प्युटरचं मोठं मशीन पाठवलं आणि आम्हा तिघींना त्याच्या टर्मिनलपुढे बसवलं. तेव्हा ओळीच्या सुरुवातीला टिंब द्यायचं आणि पुढे दोन अक्षरं. टिंब एसपी, म्हणजे एक ओळ मोकळी सोड. टिंब आयएन, म्हणजे मजकूर आत सरकव. त्या पद्धतीचं नाव स्क्रिप्ट. ती टिंबंही तिची स्वतःची नव्हेत. तिच्याआधी रनऑफ म्हणून एक होती, तिच्याकडून आली. रनऑफचीच दुसरी फांदी दुसऱ्या मशीनांवर गेली, तिची पुढे ट्रॉफ झाली. म्हणून ट्रॉफच्या फायली उघडल्यास तर तिथेही अशीच टिंबं दिसतील."

"मग?"

"मग कोलन आला. जीएमएल. कोलन, एच, एक, म्हणजे हा मथळा. कोलन, पी, म्हणजे हा परिच्छेद. फरक बघ. टिंबानं मशीनला सांगायचं, हे कर. कोलननं सांगायचं, हे असं असं आहे. पुढे काय करायचं ते नंतर ठरव. मला ते कळलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. तोवर मी पान सजवत होते. आता पानात काय आहे ते मी सांगणार होते."

"म्हणजे टिंबं गेली?"

"गेली कुठे? खाली गेली. वर कोलनची एक खूण दिली की खाली तिच्या जागी पाच-सात टिंबांच्या ओळी चालायच्या. जीएमएल स्क्रिप्टच्याच पाठीवर बसलेली होती." त्यांनी वहीचं पान उलटलं. "मग त्या जीएमएलवरून जगासाठी एक प्रमाण पद्धत ठरवली, ती एसजीएमएल. कोलनच्या जागी हे कोनी कंस आले. कंसच पाहिजेत असंही तिचं म्हणणं नाही, दुसरं चिन्हही ठरवता येतं, पण सगळे कंसच वापरायला लागले. खरी नवी गोष्ट म्हणजे नियमांची फाईल. तुझी हरवलेली."

"आणि एचटीएमएल?"

"इंटरनेटवाल्यांनी एसजीएमएलसारख्या थोड्या खुणा उचलल्या. नियम मागाहून लिहिले. तिच्या खुणा ठरलेल्या, तुला नवी घालता येत नाही. तुझी एक्सएमएल म्हणजे एसजीएमएलच, अडगळ काढून सुटसुटीत केलेली. तिच्यात खुणा तू ठरवायच्या, एसजीएमएलसारख्याच. मी सोडायच्या आधीचं वर्षभर तेच वाचत होते. तेव्हा एक्सएमएल ही एचटीएमएलची लेक नव्हे. दोघींची आई एसजीएमएल, आजी जीएमएल."

वहिनी दारात उभ्या होत्या. "एवढं सासर-माहेर आम्हालाबी ठाऊक नसतं," त्या म्हणाल्या आणि मॅडम पहिल्यांदा हसल्या.

"एक्सएमएलनं एक कडक केलं," त्या पुढे म्हणाल्या. "प्रत्येक खूण मिटवलीच पाहिजे. म्हणजे नियमांची फाईल नसली तरी कुठे काय संपलं ते कळतं. एसजीएमएल म्हणायची, नियम माझ्यापाशी आहेत, तुम्ही नाही मिटवलंत तरी मला समजेल. आमचं टायपिंग वाचायचं. दिवसाला चार पानं जास्त व्हायची. पण त्यासाठी नियम सांभाळायला पाहिजेत."

त्यांनी ते सांभाळले होते. विभाग बंद झाला, आता सगळं साध्या वर्डमध्ये करा असा हुकूम आला, तेव्हा नियमांची फाईल असलेली कॉम्प्युटरची टेप घेऊन त्या तेव्हाच्या अधिकाऱ्याकडे गेल्या होत्या. ही फाईल बाकीच्यांपासून वेगळी करू नका, असं सांगायला. तो दहा माणसांत म्हणाला, "बाई, टायपिंग संपलं आता. घरी जा." त्यांनी टेप टेबलावर ठेवली, सही घेतली आणि त्या दिवशी गेटबाहेर पडल्या त्या पुन्हा तिकडे फिरकल्या नाहीत. हे त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं आणि वही माझ्यापुढे केली.

वहीत नियम होते. बारीक, सरळ अक्षर, शेजारी मराठीत टिपणं. मी इशाऱ्याचा नियम शोधला. 'इशाऱ्यात एकच परिच्छेद. शेवटची खूण दिली नाही तरी चालेल.'

मला केवढं हायसं वाटलं! "म्हणजे माझं बरोबरच होतं. मीसुद्धा एका परिच्छेदाला मिटवलं."

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "तू मिटवलंस? बाजारात तर म्हणालीस, सॉफ्टवेअरनं चुकवलं."

मी वहीचं पान उलटलं.

"सॉफ्टवेअरला कुणी सांगितलं तसं करायला?"

"मी."

"कशावरून?"

"अंदाजानं. फाईल सापडत नव्हती, वेळ नव्हता." मग कोण जाणे का, पण बाकीचंही बोलून गेले. "कुणाला विचारलं नाही. अंदाज आहे, असं कुठे लिहिलंसुद्धा नाही."

त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, आता वही घेऊन जातील. त्या चहा घेऊन आल्या. कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "ही वही पहिल्या खेपेची आहे. इशाऱ्याचा नियम नंतर बदलला. शेवटचा नियम टेपवर होता, वहीत नाही. तू अहिरेंचा हात पाहिलास ना?"

मी मान हलवली.

"टिंबांच्या दिवसांतलं पुस्तक. इशाऱ्याचे दोन परिच्छेद, मध्ये पान बदललं. अहिरे तेव्हा नवे. पहिलं पान वाचलं आणि हात घातला. दुसरा परिच्छेद पलीकडच्या पानावर होता. तो मीच टाईप केलेला." त्यांनी चहाचा घोट घेतला. "पुढे मी नियम बदलला. इशाऱ्यात कितीही परिच्छेद येऊ देत, पुढची पायरी सुरू होईपर्यंत इशारा संपत नाही, आणि छापताना तो दोन पानांत तोडायचा नाही. नियम बदलला तेव्हा वहीत लिहायचं राहिलं. मला पाठ होता ना."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आम्ही ओसरीवर बसून एकेक खूण घेतली. त्या सांगायच्या, मी लिहायची. सकाळी फुलं, अकरापासून खुणा. मधे वहिनी मला शेवंती खुडायला घेऊन गेल्या. देठ कुठे तोडायचा ते मला जमेना, वाफ्यातल्या बायका बघून हसल्या. तिसऱ्या दुपारी गाडं एका खुणेवर अडलं. 'सावध' म्हणून एक छोटा इशारा होता, विजेच्या कामाचा. तो एका पायरीपुरता की पुढच्या सगळ्या पायऱ्यांना लागू, हे मॅडमना नक्की आठवेना.

"दोन्ही वेळा लिहिलंय मी," त्या म्हणाल्या. "एकदा असं, एकदा तसं. शेवटी काय ठेवलं, आठवत नाही."

"मग अंदाजानं..." मी बोलून गेले आणि जीभ चावली.

त्या संध्याकाळी अहिरेकाका पाळी सुटल्यावर स्कूटरवरून आले. मीच फोन केला होता. मॅडमनी त्यांना तीच गोष्ट विचारली. ते बराच वेळ पानाकडे बघत बसले. "विजेचा बोर्ड समोर असला तर वायरमनचा हात आपोआप जातो," ते म्हणाले, "इथं बसून नाय सांगता येत."

"मग शुभांगीला घेऊन जा आणि बघा."

"खूण तुमची शे, मॅडम. मी बघून काय उपयोग?" ते उठले, चप्पल घातली आणि अंगणातून वळून म्हणाले, "यंत्र काय इथं येणार नाय."

मॅडमनी निळी वही मिटली.

पुन्हा सातपूर

सकाळी फुलं विकून त्या थेट आल्या, तोच स्वेटर, तोच स्कार्फ. गेटवरचा वॉचमन नवा होता, त्यानं त्यांना ओळखलं नाही. शॉपवर मात्र दोन-तीन जुनी माणसं काम सोडून जवळ आली. "मॅडम, आलात?" एवढंच म्हणाली. एकानं खुर्ची पुसून दिली.

बोर्डासमोर अहिरेकाकांनी विजेचं काम करणाऱ्या माणसाला उभं केलं. त्यानं पायऱ्या करून दाखवल्या, मॅडम बघत राहिल्या. चौथ्या पायरीला त्यानं मधलं झाकण काढलं तेव्हा त्या म्हणाल्या, "थांब. मेन बंद केलेला अजून बंदच आहे ना?"

"हो."

"इथपर्यंत बंदच लागतो?"

"शेवटपर्यंत लागतो, मॅडम."

"मग 'सावध' शेवटपर्यंत," त्या माझ्याकडे वळल्या. "झाकण परत बसेपर्यंत. आता आठवलं. म्हणूनच बदलला होता."

दोन दिवस मी हॉटेलच्या खोलीत बसून नवे नियम लिहिले आणि त्यांवरून सगळ्या खुणा मिटवल्या. पुस्तक पुन्हा छापलं. शुक्रवारी दाबयंत्रापाशी आम्ही ते करून बघितलं. मॅनेजर साहेबही आले. मी पान वाचत होते, अहिरेकाका करत होते. चौकटीतला इशारा मी पूर्ण वाचला, दोन्ही परिच्छेद. त्यांनी आधार लावला. वरचा ठोकळा हळूहळू खाली आला आणि आधारावर टेकला. मग त्यांनी व्हॉल्व्हला हात घातला. तेल भांड्यात पडायला लागलं. वरचं लोखंड जागचं हललं नाही. मॅडम पदराच्या टोकाशी चाळा करत उभ्या होत्या, तो थांबला.

मॅनेजर साहेब चांगले होते. त्यांनी मॅडमना विचारलं, बाकीच्या यंत्रांच्या पुस्तकांनाही तुम्ही येऊन बघाल का, आपण रीतसर ठरवू. मॅडम म्हणाल्या, "अकरानंतर येईन. सकाळी फुलं असतात."

नियमांच्या फाईलला मला त्यांचं नाव द्यायचं होतं. वर टीप घालता येते, ती छापली जात नाही, पण फाईल उघडणाऱ्याला दिसते. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "नाव घाल हवं तर. पण नावानं पुढच्या माणसाला काय कळणार? प्रत्येक नियमाशेजारी त्याचं कारण लिही. मी वहीत नियम लिहिले, कारणं लिहिली नाहीत, म्हणून ही वेळ आली." मग आम्ही शॉपवरच बसून कारणं लिहिली. इशाऱ्याच्या नियमाचं कारण अहिरेकाकांनी स्वतः सांगितलं, मी लिहून घेतलं.

पुण्यात

परतीच्या गाडीत मला द्राक्षाच्या मांडवांपेक्षा दुसरंच दिसत होतं. तोच प्रोग्रॅम मी आणखी एका कामाला वापरला होता. एका साखर कारखान्याच्या बॉयलरचं पुस्तक. ते सहा महिन्यांपूर्वी त्यांच्याकडे पोचलंही होतं.

सोमवारी दीक्षित सरांना सांगितलं. ते म्हणाले, "त्यांची काही तक्रार आलेली नाही ना? मग आपण होऊन कशाला?" मी त्यांच्यासमोर दाबयंत्राची दोन पानं ठेवली, आधीचं आणि नंतरचं. त्यांनी पहिलं वाचलं, दुसरं वाचलं, मग पहिलं पुन्हा वाचलं. मग फोन उचलून साखर कारखान्याला सांगितलं की ते पुस्तक वापरू नका, आम्ही दुसरं देतो. फोनवरचं पलीकडचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, पण सरांचे कान लाल झालेले दिसत होते.

ते पुस्तक तपासायला मला तीन आठवडे लागले. मूळ लिहिणारा माणूस शोधून काढला, त्याच्यापुढे बसून एकेक खूण विचारली. काम संपल्यावर मखमलाबादला फोन लावला, अकरा वाजून गेल्यावर, आणि बॉयलरच्या पुस्तकाचं सांगितलं.

"किती निघाले?" मॅडमनी विचारलं.

"चार. चार इशारे चुकीच्या जागी मिटलेले होते. बाकी सगळे बरोबर." आणि चारच निघाले म्हणून माझ्या आवाजात जरा आनंद असावा.

पलीकडे कप ठेवल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "चार माणसं गं."